कोर्टांतील लघुलेखकाची सनद

बोललेला शब्द वाऱ्यावर जातो आणि लिहिलेला शब्द मागें राहतो, हें आपल्याकडील आजीबाईसहि ठाऊक आहे. म्हणूनच देण्याघेण्याचा व्यवहार असो कीं घरच्या वांटण्या असोत, 'तोंडचें बोलणें नको, कागद करा' असा आग्रह आपलीं वडीलधारीं माणसें धरीत आलीं. परंतु ज्या ठिकाणीं माणसाची अब्रू, मालमत्ता आणि प्रसंगीं प्राणहि केवळ बोललेल्या शब्दांवर अवलंबून असतात, त्या न्यायालयांत ते शब्द कागदावर कोण उतरवितो, त्यास तो अधिकार कोणीं दिला, आणि त्याच्या हातून चूक झाल्यास त्यानें जबाब कोणास द्यावयाचा, याचा विचार आपण क्वचितच करतों. अमेरिकेंतील एका अल्पपरिचित व्यवसायाच्या निमित्तानें तोच विचार ह्या महिन्यांत वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

हा व्यवसाय म्हणजे कोर्टांत साक्षीपुरावा चालू असतां त्यांतील प्रत्येक शब्द टिपून घेणाऱ्या लघुलेखकाचा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आज हें काम बहुसंख्येनें स्त्रियाच करीत आहेत. आपल्याकडील पुष्कळ घरांतील मुली आणि सुना आतां तिकडे स्थायिक झालेल्या आहेत. त्यांपैकीं जिचें इंग्रजी चांगलें, हात चपळ आणि कान तयार, अशा एखादीच्या मनांत हा धंदा पत्करावा असें आलें तर नवल नाहीं. परंतु चौकशी करूं लागतांच तिच्यापुढें दोन निरनिराळीं दारें उभीं राहतात. एक दार व्यवसायबंधूंच्या सभेचें, दुसरें सरकारचें. सभेचें सभासद होणें वेगळें आणि सरकारची सनद मिळविणें वेगळें. हा भेद वेळींच न कळल्यास पैसा आणि उमेदीचीं वर्षें दोन्हीं फुकट जाण्याचा संभव असतो.

आपली रीत आणि त्यांची रीत

आपल्याकडे साक्षीची नोंद कशी होते हें प्रथम पाहूं. सेशन्स कोर्टांत साक्षीदार बोलतो, न्यायाधीश तें ऐकतात, आणि स्वतः लिहितात किंवा भर कोर्टांत सांगून लिहवून घेतात. ही साक्ष सामान्यतः कथनाच्या रूपानें लिहावी, न्यायाधीशांस वाटल्यास एखादा भाग प्रश्नोत्तरांच्या रूपानें घ्यावा, असें १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत सांगितलें होतें. आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंतहि हाच परिपाठ ठेविला आहे. म्हणजे वकिलानें पांच प्रश्न विचारले आणि साक्षीदारानें अडखळत पांच उत्तरें दिलीं, तरी कागदावर उतरतात तीं न्यायाधीशांनीं जुळविलेलीं दोन-तीन सरळ वाक्यें. मग ती साक्ष साक्षीदारास वाचून दाखवितात. नोंदीची सारी जबाबदारी न्यायासनाकडेच राहते, हा ह्या रीतीचा गुण. साक्षीदाराचा स्वतःचा शब्द, त्याचें कचरणें, त्याचें 'हो... म्हणजे तसें नव्हे' हें सारें गळून पडतें, हा तिचा दोष.

अमेरिकेंतील रीत निराळी आहे. तेथें प्रश्न जसा विचारला तसा, उत्तर जसें दिलें तसें, वकिलानें हरकत घेतली तर ती, आणि न्यायाधीशानें तिजवर दिलेला निर्णय, असें सर्व शब्दशः टिपलें जातें. न्यायाधीश स्वतः लिहीत बसत नाहीं. तें काम त्याच्यासमोर लहानसें यंत्र घेऊन बसलेल्या लघुलेखकाचें. दोघे वकील एकदम बोलूं लागले तर त्यांस थांबविण्याचा, साक्षीदारानें नुसती मान हालविली तर उत्तर तोंडानें देण्याविषयीं सुचविण्याचा त्यास परिपाठानें अधिकारच असतो. १९४४ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें कायदा करून मध्यवर्ती जिल्हा-न्यायालयांत सरकारी लघुलेखक नेमण्याची व्यवस्था केली. आणि अशा लघुलेखकानें प्रमाणित केलेली प्रत ही उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते.

याशिवाय दाव्याच्या सुनावणीपूर्वीं पुष्कळशा जबान्या कोर्टाबाहेर, एखाद्या वकिलाच्या कचेरींत घेतल्या जातात. त्यांस तिकडे 'डिपॉझिशन' म्हणतात. तेथें न्यायाधीश नसतो, पट्टेवाला नसतो. समोरासमोर असतात ते दोन पक्षांचे दोन वकील आणि एक साक्षीदार; त्यांच्यामध्यें तटस्थ असा एकटा लघुलेखक. पुष्कळ वेळां साक्षीदारास शपथहि तोच देतो. म्हणूनच मध्यवर्ती दिवाणी नियमांत असें बजाविलें आहे कीं, कोणत्याहि पक्षाचा नातलग, नोकर किंवा वकील असलेल्या, अथवा दाव्याच्या निकालांत पैशाचा संबंध असलेल्या माणसासमोर अशी जबानी घेतां येणार नाहीं. हाताच्या वेगापूर्वीं निःपक्षपाताची अट घातलेली आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

कागद नसला तर?

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर 'अपील' ह्या एका शब्दांत आहे. वरच्या कोर्टापुढें साक्षीदार पुन्हा उभा राहत नाहीं. त्याचा चेहरा, त्याचा आवाज, त्याचा घाम वरच्या न्यायाधीशास दिसत नाहीं. त्याच्यापुढें येतात ते कागद. जें कागदावर नाहीं तें जणूं घडलेंच नाहीं, असाच व्यवहार चालतो.

इलिनॉय संस्थानांत दोघां आरोपींस सशस्त्र दरोड्याबद्दल शिक्षा झाली. अपील करावयाचें तर खटल्याची शब्दशः प्रत हवी, आणि प्रत विकत घेण्यास त्यांच्यापाशीं पैसा नव्हता. हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५६ सालीं न्यायालयानें ठरविलें कीं, ज्याला प्रत घेण्याची ऐपत आहे त्यानें अपील करावें आणि ज्याला नाहीं त्यानें तुरुंगांत खितपत पडावें, असा भेद संस्थानास करतां येणार नाहीं. गरिबासहि अपील नीट चालविण्याचें साधन मिळालें पाहिजे.

तो फौजदारी खटला होता. दिवाणी दाव्यांत काय होतें याचें उदाहरण कॅलिफोर्नियांत घडलें. एका बंदिवानानें, तुरुंगांतील डॉक्टरानें आपल्यावर हयगयीनें उपचार केले असा दावा लावला. तो गरीब असल्यामुळें कोर्टाची फी त्यास माफ होती. परंतु त्या न्यायालयानें दिवाणी दाव्यांत सरकारी लघुलेखक पुरविणें बंद केलें होतें. ज्याला पाहिजे त्यानें आपल्या खर्चानें आणावा. त्याला तें कोठून जमणार! दावा बाहेरच्या बाहेर निकालांत निघाला, आणि अपील करूं गेला तों कोर्टांत काय बोललें गेलें याची नोंदच नव्हती. अखेर २०१८ सालीं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, ज्यास फी माफ आहे त्यास लघुलेखकहि विनामूल्य मिळाला पाहिजे. नाहींतर अपिलाचा हक्क नांवापुरताच उरेल. लघुलेखक ही श्रीमंत पक्षकाराची चैन नसून न्यायाचा एक पायाच आहे, हें ह्या दोन निर्णयांवरून दिसून येईल.

बोरूपासून यंत्रापर्यंत

बोलण्याच्या वेगानें लिहिण्याची विद्या जुनी आहे. रोमन वक्ता सिसरो याचा लेखक टायरो याचें नांव ह्या विद्येशीं जोडलेलें आहे. इंग्लंडांत अठराव्या शतकाच्या मध्यास टॉमस गर्नी हा लंडनच्या 'ओल्ड बेली' कोर्टाचा लघुलेखक होता. त्याच्याच पद्धतीचा अभ्यास करून तरुण चार्लस डिकन्सनें प्रथम एका धर्मविषयक कोर्टांत आणि पुढें पार्लमेंटांत वार्ताहराचें काम केलें. 'डेव्हिड कॉपरफील्ड' ह्या कादंबरीच्या नायकासहि त्यानें ह्या विद्येशीं झटापट करावयास लाविलें आहे. १८३७ सालीं आयझॅक पिटमननें उच्चारानुसारी लघुलेखन प्रसिद्ध केलें, आणि १८८८ सालीं ग्रेगनें आपली पद्धत काढली. पिटमनचें नांव आपल्याकडील सरकारी कचेऱ्यांत तर घरोघरच्या नांवासारखें झालें होतें.

शब्दशः नोंदीची किंमत महाराष्ट्रास वेगळी सांगावयास नको. १९०८ च्या जुलैंत मुंबई हायकोर्टांत लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, आणि लोकमान्यांनीं आपला बचाव स्वतःच २१ तासांहून अधिक बोलून केला. निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. परंतु त्या खटल्याचा साद्यंत वृत्तांत त्याच सालीं नरसिंह चिंतामण केळकर यांनीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला, म्हणूनच ज्यूरीपुढें ते काय बोलले हें आज आपण वाचूं शकतों. शिक्षा देणाऱ्याचा शब्द सरकारी दप्तरांत राहतोच. शिक्षा भोगणाऱ्याचा शब्द राहतो तो कोणीतरी तो टिपून घेतला असेल तर.

अमेरिकेंत हातानें लिहिण्याची जागा पुढें यंत्रानें घेतली. तेथील एक कोर्ट-लघुलेखक माइल्स बार्थॉलोम्यू यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या भागांत असें यंत्र बनविलें, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत वॉर्ड स्टोन आयर्लंडनें त्यास सुधारून 'स्टेनोटाइप' हें नांव दिलें. टाइपरायटरवर एका वेळीं एक अक्षर उमटतें. स्टेनोटाइपच्या वीस-बावीस पट्ट्या पेटी वाजविणाऱ्याप्रमाणें एकदम दाबावयाच्या असतात. डाव्या हातानें आरंभींचें व्यंजन, अंगठ्यांनीं स्वर, आणि उजव्या हातानें शेवटचें व्यंजन, असा एक संपूर्ण उच्चार एका झटक्यांत उमटतो. प्रत्येक ध्वनीस स्वतंत्र पट्टी नाहीं. दोन-तीन पट्ट्या एकत्र दाबून उरलेले ध्वनि साधावे लागतात. ज्याला आपली बाराखडी आणि जोडाक्षरें ठाऊक आहेत त्यास ह्या रचनेचें मर्म चटकन् कळेल. आतां हें यंत्र संगणकास जोडलेलें असतें, आणि प्रत्येक लघुलेखकानें वर्षानुवर्षें स्वतः रचलेल्या कोशाच्या साह्यानें त्या खुणांचें इंग्रजी तत्काळ पडद्यावर दिसूं लागतें. बहिऱ्या माणसांस चालू भाषण वाचावयास मिळावें म्हणूनहि ह्याच विद्येचा उपयोग करतात.

सभा आणि सनद

आतां मुख्य विषयाकडे वळूं. १८९९ सालीं शिकागो येथें लघुलेखकांची एक राष्ट्रीय सभा स्थापन झाली. आज ती नॅशनल कोर्ट रिपोर्टर्स असोसिएशन ह्या नांवानें ओळखली जाते. ही सभा म्हणजे सरकार नव्हे. तिचें सभासद व्हावें कीं न व्हावें हा ज्याच्या त्याच्या खुषीचा प्रश्न. विद्यार्थ्यांसहि तिच्यांत वेगळा वर्ग आहे. सभा नीतिनियम घालून देते, शिक्षणाची सोय पाहते, आणि परीक्षा घेऊन पदव्या देते. तिची पायाभूत पदवी 'रजिस्टर्ड प्रोफेशनल रिपोर्टर' ही होय. ती मिळविण्यास एक लेखी परीक्षा आणि वेगाच्या तीन कसोट्या द्याव्या लागतात: भाषणवजा मजकूर मिनिटास १८० शब्दांनीं, न्यायाधीशानें ज्यूरीस केलेला उपदेश २०० शब्दांनीं, आणि साक्षीचीं प्रश्नोत्तरें २२५ शब्दांनीं. प्रत्येक कसोटी पांच मिनिटांची असते आणि तींत शंभरांत ९५ शब्द बिनचूक यावे लागतात. मिनिटास २२५ शब्द म्हणजे दर सेकंदास जवळजवळ चार. साध्या हातानें भरभर लिहिणारा मिनिटास पंचवीस-तीस शब्दांवर थकतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या कसोटीची कल्पना येईल. याहूनहि वरच्या पदवीस साक्षीचा वेग २६० मागतात.

येथें 'रजिस्टर्ड' ह्या शब्दानें फसूं नये. ही नोंदणी सभेच्या दप्तरांतील आहे, सरकारच्या नव्हे. धंदा करण्याचा हक्क देणें हें ज्या त्या संस्थानाच्या हातीं असतें, आणि तेथें प्रत्येक संस्थानाचा कायदा निराळा.

कॅलिफोर्नियाचा कायदा कडक आहे. तेथें १९५१ सालीं कायद्यानें एक मंडळ स्थापन झालें. त्या मंडळाच्या सनदेवांचून कोणासहि हा धंदा करतां येत नाहीं, आणि 'सर्टिफाइड शॉर्टहँड रिपोर्टर' हें बिरुदहि लावतां येत नाहीं. परीक्षेचे तीन भाग आहेत: इंग्रजी भाषा, व्यवसायाचे नियम आणि प्रत्यक्ष लेखन. प्रत्यक्ष लेखनांत चार निरनिराळे आवाज दहा मिनिटें मिनिटास २०० शब्दांनीं बोलत राहतात, आणि शंभरांत साडेसत्याण्णव शब्द बरोबर यावे लागतात. म्हणजे दोन हजार शब्दांत चुका पन्नासांवर गेल्या कीं उमेदवार नापास. परीक्षेस बसण्यापूर्वीं मान्य शाळेचें प्रमाणपत्र, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, अथवा वर सांगितलेल्या राष्ट्रीय सभेची पदवी यांपैकीं कांहीं तरी दाखवावें लागतें. उमेदवाराच्या बोटांचे ठसे घेऊन त्याचें पूर्वचरित्र तपासतात. म्हणजे येथें सभेची पदवी हें सनदेच्या दारापर्यंत नेणारें वाहन आहे. दार उघडणारी किल्ली नव्हे.

टेक्सस संस्थानांत हा अधिकार २०१४ पासून न्यायखात्याच्या एका प्रमाणन-आयोगाकडे आहे. तेथील वेगाच्या कसोट्या १८०, २०० आणि २२५ अशा राष्ट्रीय सभेच्या धर्तीच्याच आहेत. सनद कायमची नसून ठराविक मुदतीनें नवी करून घ्यावी लागते, आणि व्यक्तींप्रमाणेंच लघुलेखक पुरविणाऱ्या पेढ्यांसहि नोंदणी करावी लागते. न्यूयॉर्कची तऱ्हा आणखी निराळी. तेथें धंदा करण्यास सनद लागत नाहीं. मात्र 'सनदी लघुलेखक' म्हणवून घ्यावयाचें तर सनद पाहिजे. यास्तव एका संस्थानांत सुखानें काम करणाऱ्या बाईच्या यजमानांची बदली झाली आणि बिऱ्हाड दुसऱ्या संस्थानांत गेलें, तर तिला तेथें पुन्हा पाटी-पेन्सिलीपासून आरंभ करावा लागण्याचा प्रसंग येऊं शकतो. अशा वेळीं राष्ट्रीय सभेची पदवी पुष्कळदां उपयोगी पडते. कारण कांहीं संस्थानें ती पाहून आपल्या परीक्षेचा थोडाबहुत भाग माफ करतात. सभासदत्वाचा खरा लाभ कोठें आहे तो हा.

सनद कोणाच्या हिताची?

येथें एक शंका साहजिक येते. धंद्यांतील लोकांनीं मिळून परीक्षा अवघड करावी, बाहेरच्यांस आंत येऊं देऊं नये, आणि आपला भाव चढा ठेवावा, असें तर यांत नाहीं ना? जगांतील सर्व पेठांत आणि श्रेण्यांत हा मोह जुनाच आहे. कॅलिफोर्नियानें यावर केलेला उपाय विचारणीय आहे. तेथील मंडळांत पांच सभासद असतात. त्यांत लघुलेखक दोन आणि बाहेरचे नागरिक तीन. म्हणजे धंद्याचें मत ऐकलें जातें, पण बहुमत लोकांचें राहतें. शिवाय १९८१ सालीं तेथें एक निधि उभारण्यांत आला. लघुलेखक सनदेसाठीं जी फी भरतात तिच्यांतूनच, गरीब पक्षकारांस दिवाणी दाव्याची प्रत घेतां यावी म्हणून ह्या निधींतून साह्य दिलें जातें. सनद देऊन धंद्यास मान द्यावा आणि त्याबद्दल धंद्यानें लोकांचें थोडें ऋण फेडावें, अशी ही देवाणघेवाण आहे.

तथापि सनद म्हणजे सत्याची हमी नव्हे. २०१९ सालीं अमेरिकेंतील भाषाशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकांत एक संशोधन प्रसिद्ध झालें. फिलाडेल्फियांतील २७ कोर्ट-लघुलेखकांस कृष्णवर्णीय समाजाच्या नित्याच्या बोलींतील वाक्यें ऐकवून लिहावयास सांगितलीं. ह्या सर्वांनीं शंभरांत ९५ ची परीक्षा दिलेली होती. परंतु ह्या बोलींतील वाक्यांपैकीं शंभरांत सुमारे साठच पूर्णपणें बिनचूक उतरलीं. आणि कित्येक ठिकाणीं कोणीं केलें, काय केलें, केव्हां केलें हेंच बदलून गेलें. परीक्षेंतील इंग्रजी हें वकिलांचें व न्यायाधीशांचें इंग्रजी. साक्षीच्या पिंजऱ्यांत उभा राहणारा माणूस मात्र आपल्या आळींतलें बोलणें बोलतो. आपल्याकडेहि याचा विचार व्हावयास हवा. वऱ्हाडांतील शेतकरी, मालवणचा कोळी किंवा खानदेशांतील मजूर पिंजऱ्यांत उभा राहून बोलतो तेव्हां त्याचा शब्द शहरी मराठींत उतरतांना तोच राहतो काय? हाताचा वेग मोजण्याच्या परीक्षा पुष्कळ आहेत. कानाचा मोठेपणा मोजणारी परीक्षा अजून निघावयाची आहे.

दुसरी अडचण माणसांच्या तुटवड्याची. ह्या विद्येस सामान्यतः दोन ते चार वर्षें लागतात, आणि वेग वाढेनासा झाला म्हणजे पुष्कळ विद्यार्थी मध्येंच सोडून देतात. जुने लघुलेखक निवृत्त होत आहेत आणि नवे पुरेसे येत नाहींत. लॉस एंजेलिसच्या वरिष्ठ न्यायालयानें नोव्हेंबर २०२२ पासून कौटुंबिक आणि वारसाविषयक प्रकरणांत सरकारी लघुलेखक पुरविणें बहुतांशीं बंद केलें. घटस्फोट, मुलांचा ताबा, नवऱ्याच्या मारहाणीपासून संरक्षण, अशा प्रकरणांत ज्या स्त्रीपाशीं खासगी लघुलेखक आणण्यास पैसा नाहीं, तिच्या शब्दाची नोंदच उरेना. कायद्यानें ध्वनिमुद्रणास फारच थोड्या प्रकरणांत मुभा असल्यामुळें यंत्र भिंतीवर असून तें चालवितां येईना. शेवटीं सप्टेंबर २०२४ मध्यें, लघुलेखक मिळत नसेल आणि माणसाचा मूलभूत हक्क पणास लागला असेल तर ध्वनिमुद्रण करावें, असा हुकूम त्या न्यायालयाच्या अध्यक्ष-न्यायाधीशांनीं काढला. लघुलेखकांचें म्हणणें असें कीं, यंत्रास पुसट शब्द ऐकूं येत नाहीं आणि तें 'पुन्हा सांगा' असें म्हणत नाहीं. तें खोटें नाहीं. पण 'लघुलेखकच हवा' असा नियम करावयाचा आणि लघुलेखक द्यावयाचा नाहीं, यानें नियमाचा मान राहतो आणि माणसाचा न्याय जातो. त्या स्त्रीच्या दृष्टीनें पाहतां पुसट ध्वनिमुद्रणहि कोऱ्या कागदापेक्षां बरें. अलीकडे कॅलिफोर्नियानें, तोंडास मुखवटा लावून ऐकलेलें सारें हळू आवाजांत पुन्हा उच्चारणाऱ्या 'ध्वनिलेखकांस'हि २०२२ च्या कायद्यानें सनदेचें दार उघडलें आहे. हा मार्ग शहाणपणाचा वाटतो; कारण त्यांत साधन बदललें तरी जबाबदार माणूस कायम राहतो.

घरच्या मंडळींस दोन शब्द

आपल्याकडे ही विद्या कोर्टापेक्षां कचेरींत अधिक वाढली. महाराष्ट्र सरकारच्या नोकरींत लघुटंकलेखकास मिनिटास ८०, निम्नश्रेणी लघुलेखकास १०० आणि उच्चश्रेणीस १२० शब्दांचा वेग लागतो. भाषा व काम वेगळें असल्यामुळें अमेरिकेच्या आंकड्यांशीं यांची सरळ तुलना करतां येणार नाहीं. पण आपल्याकडील परीक्षा वरिष्ठानें सावकाश सांगितलेला मजकूर उतरविण्याची आहे आणि त्यांची परीक्षा चार जणांच्या वादावादींतून शब्द सोडविण्याची आहे, एवढा फरक लक्षांत ठेवावा. येथील प्रमाणपत्रावर तेथें काम मिळेल अशी आशा कोणी बाळगूं नये. येथें कमावलेली चिकाटी मात्र तेथें नक्कीच कामास येईल.

म्हणून ज्या घरांतील मुलगी किंवा सून हा मार्ग धरूं पाहत असेल त्यांनीं क्रम असा ठेवावा. प्रथम आपण राहतों त्या संस्थानांत सनद सक्तीची आहे कीं नाहीं, आणि ती कोणतें मंडळ देतें, हें त्या मंडळाकडूनच विचारून घ्यावें. मग जी शाळा निवडावयाची ती त्या मंडळास मान्य आहे काय, हें फी भरण्यापूर्वीं पाहावें. राष्ट्रीय सभेचें विद्यार्थी-सभासदत्व घेण्यास हरकत नाहीं. पण वर्गणी भरून मिळालेलें ओळखपत्र म्हणजे परवाना, असा समज शाळेनें करून दिला तर त्या शाळेपासून दूर राहावें. आणि घरच्या वडील मंडळींनीं एवढेंच करावें कीं, वेग वर्षभर एकाच आंकड्यावर अडून बसला तर तिला बोल लावूं नये. ह्या विद्येंत तो टप्पा बहुतेकांस येतो, आणि नेमकी तेथेंच घरची साथ लागते. रोजचे दोन-तीन तास सरावासाठीं मोकळे मिळाले नाहींत तर कसलीहि हुषारी पुरी पडत नाहीं. आणि एकत्र कुटुंबांत ते तास तिला कोणीतरी काढून द्यावे लागतात.

यंत्रें आतां स्वतः ऐकून लिहूं लागलीं आहेत. २१ फेब्रुवारी २०२३ रोजीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें घटनापीठापुढील युक्तिवादाची नोंद प्रथमच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्यानें घेतली, आणि तें प्रकरणहि महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाचेंच होतें. हा प्रयोग स्वागतार्ह आहे. युक्तिवाद ऐकावयास सारा देश बसलेला असतो आणि चूक झाली तर ती दाखविण्यास दोन्ही बाजूंचे वकील समर्थ असतात. परंतु तालुक्याच्या कोर्टांत एकटीच उभी राहून आपली कर्मकथा सांगणाऱ्या बाईचा एक शब्द चुकला तर तो कोण दाखविणार? अमेरिकेंतील लघुलेखक आपल्या प्रतीच्या अखेरच्या पानावर, ही नोंद खरी व पूर्ण आहे, असें लिहून खालीं आपली सही करतो, आणि कॅलिफोर्नियांत सहीबरोबर सनदेचा क्रमांकहि घालतो. नोंद खोटी ठरली तर कोणास धरावयाचें हें त्या सहीवरून कळतें. परीक्षा, पदव्या, सभा आणि मंडळें ह्यांचा एवढा मोठा पसारा कशासाठीं, असें कोणी विचारल्यास त्याचें उत्तर त्या एका सहींत आहे. यंत्र कोणतेंहि येवो. दुसऱ्याच्या शब्दाखालीं स्वतःचें नांव घालून त्याची जोखीम पत्करणारें माणूस कोर्टांत असलेंच पाहिजे.